परदेशातील चालकाची नोकरी : पगाराआधी परवान्याचे विचारा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या पानावर ‘परदेशात हेवी ड्रायव्हर पाहिजेत’ अशा जाहिराती अलीकडे वारंवार दिसू लागल्या आहेत. देशाचे नाव, मासिक पगाराचा आकडा, ‘राहणे-खाणे मोफत’ हे शब्द आणि खाली एक मोबाइल क्रमांक, एवढाच त्यांचा मजकूर असतो. मी अनेक वर्षे अवजड वाहने चालवायला शिकवण्याचे काम केले आहे आणि आमच्याकडे शिकून गेलेली मुले आजही अशी कात्रणे घेऊन सल्ला विचारायला येतात. त्यांना जे तोंडी सांगत आलो ते सविस्तर लिहावे आणि त्यासोबत आपल्याला एक विनंतीही करावी, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

परदेशात जाऊन गाडी चालवण्यात गैर काहीच नाही. तिथे चालकांची गरज आहे, हेही खरे आहे. युरोपात जुन्या पिढीतले चालक निवृत्त होत आहेत आणि तरुण मंडळी या कामाकडे फारशी वळत नाहीत. २०२१ च्या शरद ऋतूत ब्रिटनमध्ये टँकरचालक पुरेसे नसल्याने पेट्रोल पंप कोरडे पडले आणि तेथील सरकारला परदेशी मालवाहतूक चालकांसाठी पाच हजार तात्पुरते व्हिसा जाहीर करावे लागले. आखाती देशांत तर ट्रेलर, बस, टँकर आणि घरगुती मोटारी यांचा भार कित्येक दशके आशियाई चालकांनीच उचलला आहे. तेव्हा जाऊ पाहणाऱ्या तरुणाला परावृत्त करावे असे मला मुळीच वाटत नाही. त्याने कोणत्या कागदावर आणि कोणत्या पदावर जायचे, हे मात्र जाण्यापूर्वी समजून घेतलेच पाहिजे.

गवंडी, सुतार किंवा वेल्डर परदेशी पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी कामाला लागू शकतो, कारण त्याचे कौशल्य त्याच्या हातात असते. चालकाचे तसे नाही. वीस वर्षे घाटातून ट्रेलर चालवलेला माणूसही त्या देशाचा परवाना मिळेपर्यंत तिथल्या रस्त्यावर गाडी चालवू शकत नाही, म्हणजे ज्या कामासाठी त्याला नेले ते काम तो करू शकत नाही. चालकाच्या बाबतीत फसवणुकीची बहुतेक प्रकरणे मी पाहिली ती याच मधल्या काळात घडलेली आहेत. म्हणून पगार किती, हा प्रश्न दुसरा. परवाना कोण काढून देणार, कोणाच्या खर्चाने, आणि तो हाती येईपर्यंत पगाराचे काय, हा प्रश्न पहिला.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. आपल्या परिवहन कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना खिशात असला की कुठेही नोकरी करता येते, असे अनेकांना वाटते आणि काही एजंट ते मुद्दाम वाटू देतात. हा परवाना १९४९ च्या जिनिव्हा करारावर आधारलेला असून तो एका वर्षासाठी असतो. मूळ परवान्याचे ते एक अधिकृत भाषांतर समजावे, आणि त्याचा उपयोग पाहुणा म्हणून गेलेल्या प्रवाशाला. त्या देशात नोकरीसाठी राहण्याचा दाखला मिळाला की माणूस पाहुणा राहत नाही आणि मग बहुतेक ठिकाणी स्थानिक परवाना घ्यावाच लागतो. काही निवडक देशांच्या नागरिकांना संयुक्त अरब अमिरातीत परवाना थेट बदलून मिळतो. भारतीय परवानाधारकांना प्रशिक्षण आणि चाचणी यांतून जावे लागते.

ही चाचणी म्हणजे उपचार नव्हे. डोळ्यांची तपासणी, सिग्नल आणि चिन्हांची परीक्षा, पार्किंगची परीक्षा आणि शेवटी रस्त्यावरची परीक्षा असे टप्पे असतात. एकदा नापास झाले की पुन्हा तास लावावे लागतात, पुन्हा शुल्क भरावे लागते आणि पुढच्या तारखेची वाट पाहावी लागते. अनुभवी चालकही का नापास होतात, हे मी जवळून पाहिलेले आहे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो आणि स्टिअरिंग आपल्या उजव्या हाताला असते. आखातात आणि युरोपच्या बहुतांश भागात हे सगळे उलटे होते. गिअर उजव्या हाताने टाकायचा, ओव्हरटेक डावीकडून करायचा, आणि चौकातल्या गोल बेटाला आपण जसा वळसा घालतो त्याच्या नेमका विरुद्ध दिशेने घालायचा. सर्वांत कठीण जाते ते ट्रेलर मागे घेणे. मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे वळवले की ट्रेलरचे शेपूट डावीकडे जाते, ही गोष्ट इथल्या चालकाच्या अंगवळणी पडलेलीच असते. पण आपण स्वतः केबिनच्या डाव्या कडेला बसलेले असताना उजव्या बाजूचा, म्हणजे आता पदपथाकडचा, न दिसणारा कोपरा सांभाळायला डोळ्यांना नव्याने शिकावे लागते. रिकाम्या मैदानात ड्रम मांडून हा सराव करून घेतला की पहिल्या दिवशी जवळपास प्रत्येकजण उजवीकडचा ड्रम पाडतो. काही आठवड्यांत सवय होते; पण तेवढे आठवडे कोणीतरी दिले पाहिजेत आणि त्या काळात माणसाच्या जेवणाखाण्याची सोय झाली पाहिजे.

कंपनी चांगली असेल तर ती हा सगळा खर्च स्वतः करते आणि शिकण्याच्या काळात मूळ पगार देते. कंपनी तशी नसेल तर परवान्याचा खर्च कर्ज म्हणून नावावर मांडते, दरमहा पगारातून कापते, आणि परवाना मिळेपर्यंत चालकाला गोदामात हमाली किंवा गाड्या धुण्याचे काम देते. दोन-तीनदा नापास झालेल्या माणसाला परत पाठवण्याची धमकी देऊन कमी पगाराच्या मजूर पदावर सही करायला लावल्याचीही उदाहरणे आहेत. करारात परवान्याबद्दल एक ओळसुद्धा नसेल तर हे सारे कायदेशीर वाद घालण्यापलीकडे जाते.

आता कराराविषयी. गेल्या वर्षी एक मुलगा त्याचे कागद घेऊन आला. जाहिरात ट्रेलरचालकाची होती, एजंटनेही तोंडी तेच सांगितले होते. करार दोन पानांचा, अरबी आणि इंग्रजीत. दुसऱ्या पानावर कामाच्या स्वरूपात ‘मालक सांगेल ती सर्व कामे’ असे होते आणि व्हिसाच्या प्रतीवर व्यवसाय म्हणून घरगुती चालक असे छापलेले होते. त्या मुलाला हा फरक किरकोळ वाटत होता, कारण ‘ड्रायव्हर तो ड्रायव्हर’. हा फरक किरकोळ नाही. आखातातल्या अनेक देशांत घरच्या मालकाकडे काम करणारा चालक हा घरकामगारांत मोडतो आणि कंपन्यांना लागू असलेला कामगार कायदा त्याला लागू होत नाही. त्याच्यासाठी वेगळे आणि बहुधा कमी संरक्षण देणारे नियम असतात. सौदी अरेबियाने मार्च २०२१ मध्ये नोकरी बदलण्याच्या आणि देशाबाहेर जाण्याच्या बाबतीत परदेशी कामगारांवरची बंधने सैल केली, तेव्हाही त्या सुधारणेतून खासगी चालकांना माळी, मेंढपाळ आणि घरकामगारांसोबत वगळले होते. म्हणजे एकाच शहरात दोन भारतीय चालक. एकाला ठरावीक अटी पाळून कंपनी बदलता येते, दुसऱ्याला कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा निघाला त्या मालकाच्या, मर्जीशिवाय हलता येत नाही, आणि तो न सांगता निघून गेला तर त्याच्यावर ‘हुरूब’ लागतो. हुरूब म्हणजे पळून गेल्याची नोंद. ती एकदा लागली की इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा दाखला, निरुपयोगी होतो, आणि पगार थकला म्हणून तक्रार करायला निघालेला माणूसच बेकायदा ठरतो.

याच जातीचा दुसरा सापळा म्हणजे ‘आझाद व्हिसा’. कफील नावापुरता असेल, तुम्ही वाटेल तिथे काम करा, असे सांगून तो विकला जातो. कायद्यात असा कोणताही व्हिसा अस्तित्वात नाही. ज्याच्या नावाने व्हिसा आहे त्याच्याशिवाय दुसऱ्याची गाडी चालवणारा चालक पहिल्या तपासणीत पकडला जाऊ शकतो, आणि चालकाची तपासणी इतर कोणत्याही कामगारापेक्षा जास्त वेळा होते, कारण त्याचे काम रस्त्यावर असते.

यापेक्षाही गंभीर गोष्ट अपघाताची आहे, आणि तिच्याबद्दल एजंट कधीच बोलत नाहीत. आखाती देशांत अपघातात माणूस दगावला तर चालकाला ताब्यात घेतले जाते आणि मृताच्या वारसांना ‘दिया’ म्हणजे रक्तमूल्य द्यावे लागते. संयुक्त अरब अमिरातीत ही रक्कम दोन लाख दिरहम इतकी आहे. गाडीचा विमा असेल तर सहसा तो ही रक्कम भरतो. पण चालकाकडे त्या प्रकारच्या वाहनाचा वैध परवानाच नसेल, तर ते ओझे त्याच्या डोक्यावर येऊ शकते. परवाना हाती येण्याआधी ‘जरा एवढी गाडी गोदामापर्यंत ने’ असे मालकाने सांगितले तर नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. नोकरी गेली तर माणूस घरी परततो. रक्तमूल्य फेडता आले नाही तर तो वर्षानुवर्षे परतू शकत नाही.

युरोपची गोष्ट वेगळी आहे, पण तिथेही सगळे परवान्याशीच येऊन थांबते. युरोपीय संघात अवजड वाहन चालवायला त्या गटाच्या परवान्याखेरीज व्यावसायिक पात्रता लागते. ती परवान्यावर ९५ या सांकेतिक क्रमांकाने नोंदवतात, म्हणून चालकांच्या बोलण्यात ती ‘कोड ९५’ असते. तिच्या प्रारंभिक प्रशिक्षणाचा पूर्ण अभ्यासक्रम २८० तासांचा आणि संक्षिप्त १४० तासांचा असतो, आणि नंतर दर पाच वर्षांनी ३५ तासांचे उजळणी प्रशिक्षण घ्यावे लागते. हे प्रशिक्षण तिथल्या भाषेत किंवा तिथे उपलब्ध असलेल्या एखाद्या परकी भाषेत असते. ‘भाषा येण्याची गरज नाही’ ही जाहिरातीतली ओळ म्हणूनच विश्वास ठेवण्याजोगी नाही. याशिवाय युरोपीय संघाबाहेरच्या चालकाला एका देशातून दुसऱ्या देशात माल न्यायचा असेल तर ‘ड्रायव्हर अटेस्टेशन’ नावाचे प्रमाणपत्र लागते. ते कंपनीच्या अर्जावरून कंपनीच्याच नावाने निघते आणि कंपनी ते चालकाला वापरायला देते. कंपनी सोडली की प्रमाणपत्रही गेले.

युरोपातले कामाचे तास मात्र आपल्याकडच्या चालकाला हेवा वाटावा असे बांधलेले आहेत. दिवसाला ९ तास गाडी, आठवड्यातून फार तर दोनदा १० तास. साडेचार तास चालवले की ४५ मिनिटांची विश्रांती. आठवड्याला जास्तीत जास्त ५६ आणि लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून ९० तास. आठवड्याची ४५ तासांची नियमित विश्रांती केबिनमध्ये घेण्यास मनाई आहे आणि तिच्या निवासाचा खर्च कंपनीने करायचा असतो. हे सारे टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात चालकाच्या स्वतःच्या कार्डावर नोंदले जाते. कंपनीने दुसऱ्याचे कार्ड घालायला सांगितले किंवा यंत्राला लोहचुंबक लावायला सांगितले, तर तपासणीत सापडणारा माणूस चालक असतो आणि गुन्हाही त्याच्या नावावर चढतो. हे नियम कागदावर असले तरी पाळले जातातच असे नाही. २०२३ च्या वसंत ऋतूत जर्मनीतल्या ग्रेफेनहाउझेन येथील महामार्गावरच्या विश्रांतिस्थळी एका पोलिश मालवाहतूक गटाचे चालक थकलेल्या पगारासाठी ट्रक उभे करून बसले. त्यांत मुख्यतः जॉर्जिया आणि उझबेकिस्तानचे लोक होते. आठवडेच्या आठवडे त्यांनी भरलेले ट्रक हलवले नाहीत आणि पैसे हाती आल्यावरच ते उठले. त्याच वर्षी उन्हाळ्यात त्याच ठिकाणी तसाच दुसरा संप झाला. हे लोक नियमांच्या देशात होते, त्यांच्याकडे कागद होते, आणि तरीही पगारासाठी त्यांना ट्रकच्या सावलीत राहावे लागले, हे इथून जाणाऱ्याने लक्षात ठेवावे. पूर्व युरोपातील कंपन्यांच्या जाहिरातीत दिलेला आकडा बहुधा मूळ पगार आणि प्रवासभत्ता यांची बेरीज असतो. आजारपणाची रजा आणि निवृत्तिवेतन यांचा हिशेब मात्र लहानशा मूळ पगारावर होतो. जाहिरातीवर ‘इतके युरो’ वाचून घरी गणित मांडणाऱ्याला हे कोणी सांगत नाही.

कॅनडाविषयी थोडक्यात लिहितो, कारण तिथला धडा फार कठोर आहे. ६ एप्रिल २०१८ रोजी सस्कॅचेवान प्रांतात एका नवख्या, भारतातून गेलेल्या चालकाचा ट्रेलर चौकात न थांबता पुढे गेला, तरुण हॉकीपटूंची बस त्यावर आदळली आणि १६ जीव गेले. त्याला मिळालेले प्रशिक्षण जेमतेम काही आठवड्यांचे होते. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर त्या प्रांताने अवजड परवान्यासाठी १२१.५ तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. ज्यांनी आपली मुले गमावली त्यांचे दुःख मोठेच आहे. पण पुरेशी तयारी न करता चाळीस-पन्नास टनांची गाडी हाती देणारे मालक आणि ती घाईने हाती घेणारा परदेशी तरुण यांचा विचारही या घटनेत केला पाहिजे. कमी तासांत परवाना मिळवून देतो, असे कोणी म्हणाले तर ती सवलत नाही, हे घरच्यांनीसुद्धा समजून घ्यावे.

भारतातून जाणाऱ्यांसाठी काही आधार कायद्याने दिलेले आहेत, ते फारसे वापरले जात नाहीत. १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टनुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटकडे नोंदणी प्रमाणपत्र असणे बंधनकारक आहे, आणि सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर त्याचे नाव शोधून पाहता येते. त्याने उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक वस्तू व सेवा कर अशी कमाल मर्यादा आहे, आणि त्याची पावती द्यायची असते. प्रत्यक्षात याच्या कित्येक पटींनी रक्कम रोखीने घेतली जाते, आणि ती घेणारा बहुधा नोंदणीकृत एजंट नसून त्याच्यासाठी गावोगाव फिरणारा मधला माणूस असतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९९७ च्या १८१ व्या करारात तर भरतीचा कोणताही खर्च कामगाराकडून घेऊ नये असे तत्त्व मांडले आहे. ते आपल्याकडे रुजायला वेळ लागेल, पण निदान आपल्या कायद्यातली मर्यादा तरी पाळली जावी.

दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीला सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, मलेशिया यांसह १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स, म्हणजे परदेशी कामाला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी नेमलेले सरकारी अधिकारी, यांची परवानगी लागते. आपल्या चालकांपैकी अनेकजण या गटात येतात. ही परवानगी त्रासदायक वाटते म्हणून एजंट व्हिजिट व्हिसावर पाठवतो आणि ‘तिकडे गेल्यावर बदलून घेऊ’ म्हणतो. त्या एका पायरीत माणूस स्वतःचे दोन आधार गमावतो : कराराची सरकारी नोंद आणि ‘प्रवासी भारतीय विमा योजना’. या योजनेत अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते, आणि हप्ता दोन वर्षांसाठी २७५ व तीन वर्षांसाठी ३७५ रुपये अधिक कर, इतका अल्प आहे. दिवसाचे दहा-दहा तास महामार्गावर काढणाऱ्या माणसाच्या कुटुंबाला ही रक्कम किती मोलाची आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता आपल्याला विनंती. जाहिरात छापणे हा आपल्या व्यवहाराचा भाग आहे आणि तिच्यातल्या प्रत्येक दाव्याची शहानिशा करणे आपल्याला शक्य नाही, हे मी समजू शकतो. परंतु परदेशी नोकरीची जाहिरात स्वीकारताना एजंटचा नोंदणी क्रमांक छापल्याशिवाय ती घेऊ नये, एवढा नियम आपण करू शकता. त्याखेरीज चालकांच्या जाहिरातीत व्हिसावर लिहिलेला व्यवसाय, नोकरी देणाऱ्या कंपनीचे नाव, आणि परवान्याचा खर्च कोणाचा व त्या काळात पगार किती, या बाबी लिहिणे आपण बंधनकारक केलेत तर अर्ध्याअधिक फसव्या जाहिराती आपोआप परत जातील, कारण खोटे लिहून देण्याची जोखीम कोणालाच नको असते. छोट्या जाहिरातीत तेवढी जागा नसते, असे कदाचित म्हटले जाईल. पगाराचा आकडा ठळक टाइपात छापायला जागा निघते. त्याच्या खाली चार ओळी छापायलाही निघावी.

ज्यांना जायचेच आहे त्यांनी कराराची प्रत स्वतःच्या भाषेत कोणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. मूळ परवान्याच्या, पासपोर्टच्या, व्हिसाच्या आणि कराराच्या छायाप्रती घरी ठेवाव्यात. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे बहुतेक आखाती देशांच्या कायद्यात बसत नाही, हे माहीत असू द्यावे. तो मागून मिळाला नाही तर भारतीय दूतावासात कळवावे, ‘ई-मायग्रेट’वर आणि ‘मदद’ या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. घरच्यांनी तारण ठेवलेल्या दागिन्यांवर किंवा जमिनीवर एजंटचे पैसे भरण्याआधी त्याची नोंदणी तपासावी. त्याला दहा मिनिटे लागतात आणि ती कोणाही शिकलेल्या मुलाला मोबाइलवर तपासता येते.

आपल्या वृत्तपत्राने या विषयावर सविस्तर माहिती प्रसिद्ध केली तर चालकांना परवान्याच्या अभ्यासक्रमाविषयी लागेल ते सहकार्य करायला मी आनंदाने तयार आहे.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त वाहनचालक प्रशिक्षक